ओपिऑइडचे व्यसन असलेले रुग्ण उपचार अर्धवट सोडून जातात. वॉर्डात नेमके काय बदलावे?

प्रश्न : मेडिसिन वॉर्डातील परिचारिका

नमस्कार. हेरॉइन किंवा वेदनाशामक इंजेक्शने यांसारखी ओपिऑइड (अफूसारखा परिणाम करणारी द्रव्ये) घेणारे रुग्ण आमच्या वॉर्डात बहुधा व्यसनावरच्या उपचारासाठी येत नाहीत. ते येतात हातापायावरच्या गळवांसाठी, रक्तातल्या जंतुसंसर्गासाठी आणि कधी कधी हृदयाच्या झडपेपर्यंत पोहोचलेल्या संसर्गासाठी. झडपेच्या संसर्गाला साधारण चार ते सहा आठवडे शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात, आणि यांपैकी बरेच रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच डामाच्या, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जात असल्याच्या, कागदावर सही करून, किंवा सहीदेखील न करता, निघून जातात. जे परत येतात त्यांची प्रकृती आधीपेक्षा खालावलेली असते.

असा रुग्ण दाखल झाला की वॉर्डातले बोलणे बदलते. "गर्दुल्ला आलाय, सामान सांभाळा," असे त्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटले जाते. त्याने दुखते म्हणून सांगितले तर "औषधासाठी नाटक चालले आहे" असा शेरा पडतो, आणि त्याच्या हाकेला सर्वांत शेवटी ओ दिली जाते. माझ्या सहकारी मुळात कठोर नाहीत. पथ्य वारंवार मोडणाऱ्या मधुमेही रुग्णाला याच जणी न कंटाळता समजावून सांगतात, हे मी रोज पाहते. मग याच आजाराच्या बाबतीत आमचे मन इतके आखडते का, हा प्रश्न मला सोडत नाही.

संवेदनशीलतेवर व्याख्याने झाली, भिंतीवर फलक लागले, आणि काही दिवसांनी सारे पूर्वीसारखे झाले. म्हणून विचारते, की उपदेश बाजूला ठेवून रोजच्या कामाच्या पद्धतीत असे काय बदलता येईल, ज्यामुळे या रुग्णांना इतरांसारखीच शुश्रूषा मिळेल आणि ते उपचार पूर्ण होईपर्यंत थांबतील? ज्यांनी हे काम केले आहे किंवा जे स्वतः यातून गेले आहेत, त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

उत्तर : व्यसनोपचार विभागातील डॉक्टर

सिस्टर, रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जातात हे तुमचे निरीक्षण माझ्या मते सर्वांत मोलाचे आहे. हेरॉइनचा शेवटचा डोस घेतल्यानंतर साधारण आठ ते बारा तासांत विड्रॉवल, म्हणजे नशा तुटल्यावर होणारा शारीरिक त्रास, सुरू होते आणि एक ते तीन दिवसांत ते सर्वाधिक तीव्र होते. म्हणजे आपण ज्याला बेजबाबदारपणा म्हणतो, ते निघून जाणे बहुतेक वेळा विड्रॉवल असह्य होण्याच्या वेळेशी जुळते. हाडे ठणकत आहेत, जुलाब थांबत नाहीत, अंगावर काटा उभा राहतो आहे, डोळ्याला डोळा लागत नाही, आणि या सगळ्यावर रुग्णालयात कोणीही काही देत नाही. बाहेर मात्र अर्ध्या तासात आराम मिळण्याची खात्री आहे. अशा अवस्थेत झडपेचा संसर्ग महिन्याभराने जीव घेईल ही भीती त्या माणसाला थांबवू शकत नाही.

म्हणून पहिला बदल असा करावा, की विड्रॉवलची नोंद आणि उपचार दाखल झाल्यापासूनच सुरू व्हावेत. यासाठी 'काउज' या नावाने ओळखली जाणारी अकरा लक्षणांची गुणपत्रिका आहे. तिच्यात नाडी, घाम, अस्वस्थता, डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार, हाडे-सांध्यांचे दुखणे, नाका-डोळ्यांतून पाणी, पोटाच्या तक्रारी, हातांचा कंप, जांभया, चिडचिड किंवा बेचैनी आणि अंगावरचा काटा यांना गुण द्यायचे असतात. परिचारिकेला ती काही मिनिटांत भरता येते. तिचा आणखी एक उपयोग असा, की रुंदावलेल्या बाहुल्या आणि अंगावरचा काटा कोणाला ठरवून आणता येत नाही. गुणपत्रिका भरू लागल्यावर 'नाटक' हा शब्द हळूहळू मागे पडतो, कारण समोर मोजलेले चिन्ह असते आणि मोजलेल्या चिन्हावर उपचार करण्याची आपल्या सर्वांना सवय असते.

उपचारही अवघड नाहीत. बुप्रेनॉर्फिन जिभेखाली दिले, किंवा जिथे उपलब्ध असेल तिथे मेथाडोन तोंडाने दिले (दोन्ही ओपिऑइड गटातलीच, पण उपचारासाठी वापरली जाणारी औषधे), की विड्रॉवल आटोक्यात येते. बुप्रेनॉर्फिन मात्र विड्रॉवल स्पष्ट दिसू लागल्यावरच सुरू करावे, कारण शरीरात हेरॉइन असतानाच ते दिले तर विड्रॉवल एकाएकी उसळते, आणि त्या अनुभवानंतर रुग्ण त्या गोळीवर व तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवत नाही. ही दोन्ही औषधे २००५ सालापासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. तरीही "एक नशा सोडवून दुसरी लावता" हा आक्षेप मला डॉक्टरांकडूनच अधिक ऐकावा लागतो. त्यांना मी स्वीडनमधल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाविषयी सांगतो. हेरॉइनचे व्यसन असलेल्या चाळीस जणांचे दोन गट केले होते. वीस जणांना वर्षभर बुप्रेनॉर्फिन दिले. उरलेल्या वीस जणांना ते सहा दिवसांत कमी करत बंद करून पुढे औषध नसलेली गोळी दिली. समुपदेशन दोघांनाही सारखेच होते. वर्षअखेर पहिल्या गटातले तीन-चतुर्थांश रुग्ण उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटातला एकही नव्हता, आणि त्यातले चार जण मरण पावले होते. पुढे २०१७ साली अनेक देशांतल्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात मेथाडोनवर असताना दर हजार रुग्णांमागे वर्षाला सुमारे ११ मृत्यू आढळले, तर मेथाडोन सुटल्यानंतर सुमारे ३६.

हे उपचार इतरत्र पाठवून देण्यापेक्षा रुग्ण जिथे समोर आला तिथेच सुरू करणे किती महत्त्वाचे, हे अमेरिकेतल्या एका आपत्कालीन विभागातल्या, २०१५ च्या अभ्यासातून दिसले. केवळ व्यसनोपचार केंद्राचा पत्ता हाती दिलेल्यांपैकी ३७ टक्के रुग्ण महिन्याभरानंतर उपचार घेत होते. ज्यांना तिथेच बुप्रेनॉर्फिन सुरू केले त्यांच्यातले ७८ टक्के. चिठ्ठी देऊन मोकळे होण्याची आपली पद्धत या आकड्यांपुढे टिकत नाही.

वेदनेविषयी एक गैरसमज लगेच दूर करायला हवा. "हा आधीच मेथाडोनवर आहे, याला वेगळे वेदनाशामक कशाला?" असे सर्रास म्हटले जाते. मेथाडोन विड्रॉवल दिवसभर रोखून धरते, पण त्याचा वेदनाशामक परिणाम सहा ते आठ तासांच्या पुढे टिकत नाही. शिवाय शरीर सरावलेले असल्यामुळे आणि दीर्घ वापराने वेदनेची जाणीव तीव्र झालेली असल्यामुळे, अशा रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर इतरांपेक्षा जास्त वेदनाशामक लागते. रोजची मात्रा चालू ठेवून त्यावर वेगळे वेदनाशमन द्यायचे असते. आणि पेन्टाझोसिनसारखे वेदनाशामक मेथाडोनवर असलेल्या रुग्णाला कधीही देऊ नये. त्याने विड्रॉवल तत्काळ सुरू होते. जो रुग्ण अपमानाच्या भीतीने आपले मेथाडोन लपवतो, त्याच्या बाबतीत नेमके हेच घडू शकते.

उत्तर : बुप्रेनॉर्फिनवर असलेला एक रुग्ण

डॉक्टरांनी शेवटी जे लिहिले तिथूनच सुरुवात करतो, कारण लपवण्याचा निर्णय आम्ही कसा घेतो हे बाहेरून कळत नाही. मी बुप्रेनॉर्फिन घेतो, नोकरी करतो, घर सांभाळतो. कोणत्याही नव्या डॉक्टरांपुढे बसलो की "कोणती औषधे चालू आहेत?" हा प्रश्न येतो, आणि खरे उत्तर द्यायचे की नाही याचा हिशेब मनात सुरू होतो. खरे सांगितल्यानंतर समोरच्या व्यक्तीची नजर माझ्या चेहऱ्यावरून दंडाकडे वळते, आवाजातला मोकळेपणा जातो, आणि मी ज्या दुखण्यासाठी आलो आहे ते बाजूला पडते. पित्ताशयाच्या दुखण्यासाठी गेलो असता माझी पिशवी तपासली गेली होती. शेजारच्या रुग्णाची तपासली नाही, हे मी पाहत होतो.

टर्की (विड्रॉवलला आम्ही असेच म्हणतो) चालू असताना रुग्णालयात पडून राहणे म्हणजे काय, हे शब्दांत सांगणे अवघड आहे. त्या अवस्थेतल्या माणसाला कोणी "आणखी थोडे सहन कर, तुझ्याच कर्माचे फळ आहे" असे म्हटले, की तो उरलेले सारे बोलणे ऐकणे बंद करतो. पुढच्या वेळी त्याला गळू झाले तर तो ताप मेंदूत जाईपर्यंत घरीच राहतो. अपमानाचा हा परिणाम तुमच्या नोंदवहीत कुठेच दिसत नाही, कारण जो आलाच नाही त्याची नोंद कोण करणार?

याउलट वागणूक मिळाल्याचाही अनुभव आहे, आणि सिस्टर, तुम्ही पद्धतीविषयी विचारले म्हणून तो तपशिलात लिहितो. एका डॉक्टरीणबाईंनी पडदा ओढून घेतला, खुर्ची घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही काय घेता आणि शेवटचे कधी घेतले, हे मला सांगा. आज रात्री तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून विचारते आहे." प्रश्नाचे कारण त्यांनी आधीच सांगितले, त्यामुळे मला खोटे बोलावेसेच वाटले नाही. रक्त काढताना तिथल्या सिस्टरांनी विचारले, "कोणती शीर चांगली मिळते, ते तुम्हीच दाखवा." सुई दहादा टोचून "शिरा सगळ्या जाळून टाकल्या आहेत" असे ऐकण्याची सवय असलेल्या माणसाला या एका वाक्याने किती धीर येतो, याची कल्पना तुम्हाला नसेल. कृपया आजाराची चर्चा राउंडच्या वेळी दहा जणांसमोर, खाटेच्या पायथ्याशी उभे राहून करू नका. माझ्या आईला माझ्या गोळ्यांविषयी अशाच एका राउंडमध्ये कळले.

उत्तर : भूलतज्ज्ञ

वर लिहिलेले मला मान्य आहे, तरी दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. ओपिऑइड जास्त झाले तर श्वास मंदावतो आणि थांबतो. त्या रात्री जबाबदारी माझी असते. रुग्णाने वॉर्डात लपवून आणलेले हेरॉइन घेतले आणि त्यावर आम्ही मॉर्फिन दिले, तर काय घडेल याची भीती काल्पनिक नाही. औषधांच्या कपाटातून कुप्या नाहीशा होणे, परिचारिकांच्या अंगावर धावून जाणे, हेही घडते. ज्या सिस्टरला एकदा धमकी मिळाली आहे, तिने पुढच्या रुग्णाकडे सावधपणे पाहिले तर तिला पूर्वग्रहदूषित ठरवणे अन्यायाचे होईल. कलंक कमी करण्याच्या नावाखाली कर्मचाऱ्यांची भीतीच नाकारली, तर ते तोंडावर होकार देतील आणि मनात अधिक कडवट होतील. सावधगिरी आणि संशय यांच्यात रेषा कुठे ओढायची, हे कोणी स्पष्टपणे सांगेल का?

उत्तर : व्यसनोपचार विभागातील डॉक्टर

आपला प्रश्न रास्त आहे. जी खबरदारी तितक्याच धोक्याच्या प्रत्येक रुग्णासाठी घेतली जाते ती सावधगिरी; एका माणसाच्या नावापुढे 'व्यसनी' लिहिले आहे एवढ्यावरूनच जी घेतली जाते तो संशय, अशी रेषा मी ओढतो. ओपिऑइड मिळणाऱ्या कोणत्याही रुग्णाचा श्वासाचा वेग आणि गुंगीची पातळी ठरलेल्या अंतराने तपासलीच पाहिजे. खाटेवर गुंगीत असलेल्या रुग्णाला पुढचा डोस थांबवायचा, मग तो कोणीही असो. आणि जागा, घामाघूम, बाहुल्या रुंदावलेल्या अशा रुग्णाला डोस नाकारायचा नाही. कपाटातल्या कुप्यांचा हिशेब दोन सह्यांनी ठेवायचा, कारण औषधे कर्मचाऱ्यांकडूनही गहाळ होऊ शकतात. धमकी आणि हिंसेसाठी सर्व रुग्णांना व नातेवाइकांना लागू होणारा एकच नियम असावा, आणि तो मोडल्यास कारवाई व्हावी. सिस्टरांच्या सुरक्षिततेबाबत तडजोड करावी असे मी कधीही म्हणणार नाही. एवढे मात्र अनुभवाने सांगतो, की वॉर्डातले बरेच खटके विड्रॉवल अंगावर असतानाच उडतात, आणि लपवून हेरॉइन आणण्याची गरजही त्याच काळात सर्वाधिक असते. विड्रॉवलवर वेळीच औषध दिले तर आपल्याला वाटणारे दोन्ही धोके कमी होतात.

आपल्याच व्यवसायातले एक उदाहरण मला नेहमी विचारात पाडते. व्यसनात सापडलेल्या डॉक्टरांसाठी अमेरिकेत देखरेखीचे कार्यक्रम आहेत, आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा ९०४ डॉक्टरांचा मागोवा घेतला होता. त्यांच्यातले बहुतेक जण पाच वर्षांनंतर व्यवसायात कार्यरत होते. त्यांच्या उपचारांची पद्धत वेगळी होती, म्हणून त्या आकड्यांची थेट तुलना मी करणार नाही. परंतु त्यांना वर्षानुवर्षे पाठपुरावा मिळाला, पुन्हा वापर झाला तर उपचार वाढवले गेले, आणि परत जाण्यासाठी काम शिल्लक होते. आपल्या माणसांना जे आपण देऊ शकतो, ते वॉर्डातल्या खाटेवरच्या अनोळखी माणसाला देताना आपण इतका हात का आखडता घेतो, याचा विचार आपण सर्वांनीच करायला हवा.

उत्तर : दुसऱ्या रुग्णालयातील ज्येष्ठ परिचारिका

केसपेपरविषयी थोडे लिहिते, कारण तो हातोहात जातो आणि रुग्णाच्या आधी त्याची ओळख करून देतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना सिकल सेल या वेदनादायी आनुवंशिक रक्तविकाराच्या एकाच रुग्णाची नोंद दोन प्रकारे लिहून दिली होती. वैद्यकीय माहिती तीच होती. एका नोंदीत भाषा तटस्थ होती आणि दुसरीत रुग्णाविषयी शंका व नापसंती डोकावत होती. दुसरी नोंद वाचणाऱ्यांचे रुग्णाविषयीचे मत अधिक वाईट झाले, आणि त्यांनी वेदनेवर सुचवलेले उपचारही सौम्य होते. लिहिणाऱ्याचा राग वाचणाऱ्याच्या हातून रुग्णापर्यंत पोहोचतो, असा याचा अर्थ मी घेते. आमच्याकडे आता 'औषधासाठी मागे लागतो' असे लिहिले जात नाही. वेदना दहापैकी किती, शेवटचा डोस कधी दिला आणि त्यानंतर किती वेळ आराम पडला, एवढेच लिहितात. राउंडला डॉक्टरांना त्यातून निर्णय घेता येतो. आधीच्या शेऱ्यातून येत नव्हता.

उत्तर : एका रुग्णाची आई

माझा मुलगा संसर्गातून बरा होऊन घरी आला तेव्हा प्रतिजैविकांचे वेळापत्रक मला दोनदा समजावून सांगितले गेले. परंतु काही आठवडे हेरॉइन न घेतल्यामुळे त्याचे शरीर आता पूर्वीइतके सरावलेले नाही, आणि पूर्वीच्याच मात्रेने त्याचा श्वास थांबू शकतो, हे कोणीही सांगितले नाही. ते मला पुढे व्यसनोपचार केंद्रात कळले. ओपिऑइडचा परिणाम उलटवून थांबलेला श्वास परत आणणारे नॅलोक्झोन नावाचे औषध असते, ते नाकात फवारून किंवा इंजेक्शनने देता येते, त्याचा परिणाम अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि म्हणून ते दिल्यावरही रुग्णवाहिका बोलवावीच लागते, हेही तिथेच शिकले. आम्हाला हे सांगितले तर आम्ही त्याला पुन्हा नशा करण्याची परवानगी दिली असे होईल, अशी कदाचित कोणाची समजूत असेल. मला माझा मुलगा जिवंत हवा आहे. घरी सोडताना ही माहिती आणि ते औषध द्यावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : मेडिसिन वॉर्डातील परिचारिका

सर्वांची मनापासून आभारी आहे. ताई, तुमची विनंती डिस्चार्जच्या कागदात कायमची समाविष्ट व्हावी म्हणून मी वरिष्ठांकडे लेखी मागणी करणार आहे. पडदा ओढणे, प्रश्नाचे कारण आधी सांगणे आणि नोंदीची भाषा बदलणे हे आम्हाला उद्यापासून करता येईल. अडचण रात्रीची आहे. रात्री गुणपत्रिका भरून विड्रॉवल दिसले, तरी औषधाचा आदेश नसेल तर मी काय करू? आणि रुग्ण म्हणाला की तो केंद्रातून मेथाडोनची अमुक मात्रा घेतो, तर त्याच्या शब्दावर ती द्यावी का?

उत्तर : व्यसनोपचार विभागातील डॉक्टर

आदेश दाखल करतानाच लिहून घ्यावा. तापासाठी जसे आपण 'अमुक तापमानाच्या वर गेल्यास अमुक गोळी' असे आधीच लिहून ठेवतो, तसेच गुणपत्रिकेवर अमुक गुण आले की पहिला डोस, ठरावीक वेळाने पुन्हा गुण आणि त्यानुसार पुढचा डोस, असा लेखी आदेश वॉर्डाच्या प्रमुखांच्या संमतीने तयार ठेवता येतो. मग रात्री तुम्हाला कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही.

मेथाडोनच्या बाबतीत रुग्णाच्या संमतीने केंद्राला फोन करून मात्रा आणि शेवटचा डोस कधी घेतला, या दोन्ही गोष्टी पडताळाव्यात. हा अविश्वास नाही. मधला खंड काही दिवसांचा असेल तर त्याचीच जुनी मात्रा त्याला जड जाऊ शकते, असे रुग्णाला समजावून सांगितले की तो स्वतःच केंद्राचा क्रमांक देतो. केंद्र रात्री बंद असेल तर सांगितलेली पूर्ण मात्रा देऊ नये, कारण मेथाडोन शरीरात हळूहळू साठत जाते आणि धोका काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो. त्या रात्रीपुरती ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी लहान मात्रा द्यावी, श्वासावर लक्ष ठेवावे, आणि सकाळी केंद्र उघडताच उरलेली मात्रा ठरवली जाईल हे रुग्णाला रात्रीच स्पष्ट सांगावे.